रक्कम आणि तारीख

सकाळी ६.१०

यंदा पाऊस मे महिन्यातच पुण्यात आला. गॅलरीत पडलेलं वर्तमानपत्र रोज दमट हाती येतं. आज शुक्रवार, ६ जून २०२५. निर्जला एकादशी आहे. सासूबाईंचा आज पाण्याचाही नेम आहे, त्या केव्हाच देवापाशी बसल्या आहेत. मी मात्र चहा घेते, कारण माझा आजचा दिवस बोलण्याचा आहे. दहा वाजता रिझर्व्ह बँकेचं पतधोरण जाहीर होणार, आणि त्यानंतर रात्रीपर्यंत एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत कानावर येणार: "ताई, आता घ्यायचं का घर?"

पेपर उघडला की आधी घरांच्या जाहिराती, मग बातम्या. त्या जाहिराती मी कापून फाइलला लावते. ही सवय बारा वर्षांची. फाइलमधलं पहिलं कात्रण एप्रिल २०१३ मधलं, पाडव्याचं आहे. त्यात दाखवलेल्या इमारतीतच मी आज राहते. त्या पाडव्याला आम्ही बुकिंग केलं ते एका वाक्यापायी: आज घेतलं नाही तर पुढच्या वर्षी परवडणार नाही. ताबा डिसेंबर २०१५ मध्ये मिळणार होता, तो मिळाला २०१८ च्या श्रावणात. मधली अडीच वर्षं घराचं भाडं आणि बँकेचं व्याज अशी दोन्ही ओझी वाहिली. त्यातच नवऱ्याची नोकरी गेली आणि चार महिने घरात एकच पगार आला. तेव्हा आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. त्या सोडवेपर्यंत आईनं एकदाही विषय काढला नाही, हे मला अजून टोचतं.

फाइलमध्ये २०१९ चं एक कात्रण आहे. तोच परिसर, तसंच घर, आणि भाव जवळजवळ तोच. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासून पूर्ण लागू झालेला रेरा कायदा, सप्टेंबर २०१८ मध्ये बिगरबँक वित्तसंस्थांचा आटलेला पैसा, या सगळ्यात घरांचा बाजार वर्षानुवर्षं जागचा हलला नव्हता. म्हणजे थांबलो असतो तरी चाललं असतं. माझी चूक भाव ओळखण्यात झाली असं मात्र मी मानत नाही, कारण भाव कोणालाच ओळखता येत नाही. एक पगार थांबला तर काय, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता. चूक ती होती.

सकाळी ९.१५

वारज्यातलं माझं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर आहे. तीन खुर्च्या, एक टेबल, एक कपाट. सतरा वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली आणि मग हे काम सुरू केलं. घर घेणाऱ्या माणसाला कागद आणि आकडे समजावून सांगायचे, त्याची ठरलेली फी घ्यायची. बिल्डरकडून दलाली घेत नाही. ती घेतली की "थांबा" हा शब्द तोंडातून निघणं अवघड होतं, आणि माझ्या कामातला निम्मा भाग तर तेवढाच आहे.

टेबलावर एक लांबट वही असते. प्रत्येक घरासाठी एक ओळ, आणि ओळीत दोन रकाने: रक्कम आणि तारीख. किती पैसे जमल्यावर घ्यायचं आणि ते कधीपर्यंत जमवायचे. "बघू, भाव उतरले की घेऊ" असं म्हणणाऱ्याची ओळ मी लिहीत नाही. ते थांबणं नाही, ती भीती असते, आणि भीतीला शेवट नसतो. रक्कम आणि तारीख लिहिली की थांबणं हा निर्णय होतो.

सकाळी १०.००

माझ्याबरोबर काम करणारी मुलगी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करते. गव्हर्नर संजय मल्होत्रा बोलायला लागतात. दर पाव टक्का कमी होईल असा बहुतेकांचा अंदाज होता. कमी झाला अर्धा टक्का. रेपो दर ६ वरून ५.५० वर. फेब्रुवारीत ६.५० चा ६.२५ झाला होता, एप्रिलमध्ये ६. चार महिन्यांत मिळून एक टक्का उतरला. शिवाय बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोख राखीव रकमेचं प्रमाणही टप्प्याटप्प्यानं एक टक्क्यानं कमी होणार आहे.

मुलगी टाळी वाजवते. मी तिला पुढचं वाक्य ऐकायला सांगते. धोरणाचा रोख 'तटस्थ' केला आहे आणि यापुढे दर उतरवायला फारशी जागा उरलेली नाही, असंही गव्हर्नरांनी म्हटलं आहे. ही अर्धी बातमी आज कुठल्याच जाहिरातीत येणार नाही. मी ती पाटीवर लिहून ठेवते.

सकाळी १०.४०

फोन सुरू. पहिले बहुतेक जुन्या कर्जदारांचे. एकजण विचारतो, "हप्ता कधीपासून कमी होईल?" मी विचारते, "कर्ज कधीचं?" ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या दराशी, बहुतेक वेळा रेपोशी, बांधलेलं असतं. त्याचा दर तीन महिन्यांतून एकदा तरी बदलावाच लागतो. त्याआधीचं कर्ज जुन्या पद्धतीत अडकलेलं असेल तर बँकेत अर्ज देऊन, थोडं शुल्क भरून ते बदलून घ्यावं लागतं. वर्षानुवर्षं हे न केलेली माणसं मला रोज भेटतात.

दुसरा फोन २०२१ च्या एका कर्जदाराचा. रेपो ४ टक्क्यांवर होता तेव्हाचं त्याचं कर्ज: ४० लाख, वीस वर्षं, पावणेसात टक्के, हप्ता ३०,४०० च्या आसपास. मे २०२२ पासून दर चढत गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो साडेसहा झाला. सव्वानऊ टक्क्यांनी ४० लाखांचं एका महिन्याचं नुसतं व्याजच ३०,८०० च्या वर जातं. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दल फिटणं जवळजवळ थांबलं. बँकेनं मुदत वाढवली, ती त्याच्या निवृत्तीच्याही पुढे गेली, आणि त्याला ते दोन वर्षांनी कळलं.

"आता दर उतरतोय तर हप्ता कमी करून घेऊ?"

"नको. हप्ता आहे तोच राहू द्या, मुदत कमी करा म्हणून लेखी द्या. वीस वर्षांच्या नव्या कर्जात दर आठवरून साडेसात झाला आणि हप्ता तोच भरत राहिलात, तर कर्ज दीड वर्ष आधी फिटतं. बदलत्या दराच्या कर्जात मधे जास्तीचे पैसे भरले तर दंड लागत नाही. बोनस आला की थोडा तिकडे वळवा."

फोन ठेवताना तो म्हणतो, "निवृत्तीच्या आधी संपलं पाहिजे, बस." मी त्याच्या ओळीत तेवढंच लिहिते.

सकाळी ११.३०

वाकडला भाड्यानं राहणारं जोडपं येतं. दोघं आयटीत, मुलगा साडेतीन वर्षांचा. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,४५,०००, त्यातला तिचा ६२,०००. भाडं २३,०००. साठवलेले १७ लाख. पुनावळ्यात बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात दोन बेडरूमचं घर बघून आलेत, करारनाम्याची किंमत ७६ लाख, ताबा डिसेंबर २०२७. विक्री कार्यालयातून सकाळीच फोन आला होता, की दर उतरलेत, गर्दी होणार, सोमवारपासून भाव वाढतोय.

मी कोरा कागद घेते. ७६ लाखांवर ५ टक्के जीएसटी: ३,८०,०००. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क, स्थानिक अधिभार आणि मेट्रोचा एक टक्का मिळून ७ टक्के: ५,३२,०००. नोंदणी फी ३०,०००. एकूण ८५,४२,०००. त्यांना मी वेगळं सांगते, की मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, म्हणजे ६०,८०,०००. स्वतःचे हवेत २४,६२,०००. हाताशी आहेत १७.

तो म्हणतो, "पर्सनल लोन काढू. पण आजच्या दराचा फायदा सोडायचा का?"

मग दुसरा हिशेब. ६० लाखांचं कर्ज, वीस वर्षं. आठ टक्क्यांनी हप्ता ५०,१८६, साडेसातनं ४८,३३६. आजच्या निर्णयाचा महिन्याचा फायदा १,८५०. आता घराचा भाव फक्त तीन टक्क्यांनी वाढला असं धरा. २,२८,००० जास्त, आणि तेवढं जास्तीचं कर्ज घेतलं तर हप्ता १,८३७ नी वाढतो. म्हणजे व्याजाचा अर्धा टक्का आणि भावाचे तीन टक्के एकमेकांना खाऊन टाकतात. दर उतरल्यावर गर्दी झाली आणि भाव चढले, तर फायदा बिल्डरकडे गेला. दर चढल्यावर बाजार थंडावला आणि घासाघीस जमली, तर महाग कर्जातही घर स्वस्त पडतं; कर्जाचा दर पुढे उतरू शकतो, मोजलेला भाव परत येत नाही.

ती बराच वेळ गप्प असते. मग म्हणते, "मॅडम, तीन वर्षांत तीन घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी करार, मालक भाडं वाढवतो नाहीतर म्हणतो मुलाचं लग्न ठरलंय, खाली करा. पुढच्या वर्षी मुलाची शाळा सुरू होईल. मला एका पत्त्यावर राहायचंय."

हे ऐकलं की माझा आवाज आपोआप खाली येतो. घराला कोणी नुसती गुंतवणूक म्हटलं की मला हीच वाक्यं आठवतात. तिची गरज खरी आहे आणि हिशेब तिच्या गरजेसाठी मांडायचा आहे, गरजेला गप्प बसवण्यासाठी नाही.

म्हणून मी पुढचा प्रश्न विचारते. "तुमच्यापैकी एकाचा पगार सहा महिने थांबला तर?" दोघं एकमेकांकडे बघतात. त्याच्या कंपनीत गेल्या वर्षी माणसं कमी केली. ती दुसऱ्या बाळाचा विचार करते आहे. ताबा मिळेपर्यंत भाडंही चालू राहणार. बँक जसजसे पैसे देईल तसतसं व्याज चढत जाईल, आणि शेवटी शेवटी भाडं अधिक हप्ता ७१,००० च्या पुढे. एका पगारात ते बसत नाही. भाव पडल्यानं कोणी बुडत नाही. पडलेल्या भावात घर विकावं लागलं की माणूस बुडतो. पाच वर्षांच्या आत विकावं लागलं तर मुद्रांक, जीएसटी, दलाली यांतला पैसा कुठून निघणार?

"पण टॅक्स वाचतो ना?" तो विचारतो. दोघंही नव्या करप्रणालीत आहेत. तिथे स्वतः राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही. घर घेण्याचं ते एक जुनं कारण आता बहुतेकांच्या बाबतीत उरलेलं नाही.

मग आम्ही तिघं मिळून दुसरा रस्ता आखतो. रावेतकडे आठ-नऊ वर्षं जुन्या सोसायटीतलं, भोगवटा प्रमाणपत्र असलेलं घर, ६६ लाखांपर्यंतचं. जीएसटी नाही. सात टक्क्यांचे ४,६२,०००, नोंदणी ३०,०००, एजंटचा एक टक्का ६६,०००. कर्ज ५२,८०,०००. स्वतःचे लागतील १८,७८,०००. साडेसात टक्क्यांनी हप्ता ४२,५००, आणि राहायला गेलं की भाडं बंद.

"जुलैपासून दर महिन्याला ५०,००० एका वेगळ्या खात्यात टाका," मी सांगते. "हप्ता सुरू झालाय असं समजून. मार्चपर्यंत नऊ महिने, साडेचार लाख. १७ चे साडेएकवीस होतील. घराचे भरून उरतील २,७२,०००. सहा हप्त्यांची बेगमी झाली. मुख्य म्हणजे हा हप्ता भरून घर कसं चालतं, हे तुम्हाला कोणाच्या सांगण्याशिवाय कळेल. तिसऱ्याच महिन्यात ओढाताण झाली, तर घर लहान घ्यायचं की आणखी थांबायचं, ते तेव्हा ठरवू. पैसे तुमचेच राहतील."

"आणि तोवर भाव वाढले तर?"

"वाढू शकतात. ६६ चे पाच टक्क्यांनी ६९,३०,००० होतील. खिशातून ९२,००० च्या आसपास जास्त जातील आणि हप्ता २,१०० च्या थोडा वर वाढेल. थांबण्याची ही किंमत आहे आणि ती मी लपवणार नाही. विम्याला आपण हप्ता भरतोच ना."

ती कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवते. तो अजून नाराज आहे, आणि त्याला तसा हक्क आहे. एका महिन्याच्या स्वप्नावर मी पंधरा मिनिटांत आकडे मांडले.

दुपारी १.४५

साबुदाण्याची खिचडी आणि दही, पाच मिनिटांत. छत्री घेऊन रिक्षा पकडते.

दुपारी २.३०

हवेलीचं दुय्यम निबंधक कार्यालय. ओल्या छत्र्यांची रांग, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले दस्त, टोकन क्रमांकाकडे लागलेले डोळे. माझी वाट बघत एक सिस्टर उभी आहे. खासगी रुग्णालयात परिचारिका, वय ४१. धायरीत एका बेडरूमचं जुनं घर घेते आहे, ३८ लाखांना, एकटीच्या नावावर.

ती २०२२ मध्ये पहिल्यांदा आली तेव्हा दर चढायला लागले होते आणि तिच्या हाती पाच लाख होते. वहीत आम्ही लिहिलं होतं: १२ लाख, जून २०२५. तिनं रात्रपाळ्या वाढवल्या, भावाच्या लग्नाला आपला वाटा दिला आणि तरीही रकमेला पोचली. या तीन वर्षांत भाव चढले, हे खरं. दोन बेडरूमचा विचार तिला सोडावा लागला. परवा हिशेब मिटवताना मी तिला विचारलं, वाईट वाटतं का. ती म्हणाली, "एक खोली कमी झाली, पण रात्री झोप लागेल."

एकट्या बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७ ऐवजी ६ टक्के, तिचे ३८,००० वाचले. २०२१ मध्ये ही सवलत आली तेव्हा पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती. २०२३ मध्ये ती निघाली. नवरा-बायकोच्या जोडनावाला सवलत मिळत नाही, हेही मी येणाऱ्या प्रत्येक घराला सांगते.

याच आवारात डिसेंबर २०२० मध्ये मी रात्री उशिरापर्यंत उभी होते. कोविडनंतर सरकारनं मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर तीन टक्क्यांनी आणि पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी उतरवलं होतं. केवढी झुंबड! त्या रांगेत दोन प्रकारची माणसं होती. काहींचं घर ठरलेलं होतं, कागद तपासलेले होते, पैसे तयार होते. त्यांच्या पदरात ती सवलत अलगद पडली. काहींनी सवलतीसाठी घर शोधलं, आणि त्यांतले काही नंतर माझ्याकडे मोडके करार घेऊन आले. बाजार अचानक दार उघडतो, तेव्हा जो तयार असतो तोच आत जातो. तयार होणं एवढंच आपल्या हातात असतं.

सिस्टरचा अंगठा, फोटो, साक्षीदारांच्या सह्या. तिचा अंगठा यंत्रावर उमटत नाही. वर्षानुवर्षं हात धुवून रेषा पुसट झाल्यात. तिसऱ्या वेळेला उमटतो. दस्ताचा क्रमांक पडला की ती पहिल्यांदा हसते.

दुपारी ४.४५

माण-म्हाळुंगेच्या बाजूला एका तरुणाबरोबर साइटवर. एकटाच आहे, नोकरीची सहा वर्षं झाली. विक्री करणारा मुलगा मोठ्या नकाशावर बोट ठेवून मेट्रोचा मार्ग दाखवतो. हिंजवडी ते शिवाजीनगर, २३ किलोमीटरच्या वर. मार्ग खरा आहे, खांब सगळ्यांना दिसतात. पण पायाभरणी डिसेंबर २०१८ मध्ये झाली आणि आज प्रवासी घेऊन गाडी धावत नाही. ती धावेल, नक्की धावेल. पण तिची किंमत मात्र या घराच्या भावात आजच घेतली जाते आहे. मी त्या तरुणाला बाजूला घेऊन विचारते, "मेट्रो नसताना या रस्त्यानं रोज ऑफिसला जायला किती वेळ लागेल, ते पावसात एकदा जाऊन बघितलंस का? टँकर किती येतात, शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारलंस का?"

गाडीत बसून मोबाइलवर महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नंबर टाकतो. पुण्यातल्या बऱ्याच प्रकल्पांचे नंबर पी ५२१ नं सुरू होतात. मूळ पूर्णत्वाची तारीख कोणती, ती किती वेळा पुढे गेली, किती घरं विकली गेली, प्रकल्पावर कर्ज किती, दावे किती, दर तीन महिन्यांची माहिती भरली आहे का. पूर्णत्वाची तारीख एकदा वर्षभर पुढे गेलेली निघते. तो गप्प होतो. मी त्याला सांगते, यानं प्रकल्प लगेच वाईट ठरत नाही, पण आता निदान तुला ठाऊक आहे. करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत, कार्पेटच्या चौरस फुटांवरच बोलायचं, आणि ताबा लांबला तर व्याज किंवा पैसे परत मागण्याचा हक्क रेरा कायद्यानं आहे. मी २०१३ मध्ये सही केली तेव्हा यातलं फारसं काही नव्हतं. कोणी या कायद्याला नावं ठेवली तर मला राग येतो तो यामुळे.

घासाघीस कशी करायची, हेही शिकवावं लागतं. बिल्डर चौरस फुटाचा दर सहसा कमी करत नाही. आधीच्या ग्राहकांना तो तोंड कसं दाखवणार? भाव दुसरीकडे उतरतो. वरच्या मजल्याचे जादा पैसे सुटतात, पार्किंग येतं, मुद्रांक शुल्क तो भरतो. बाजार सैल झाल्याची खूण जाहिरातीतल्या दरात शोधू नये, ती अशा सवलतींत दिसते. पावसाळ्यात आणि पितृपंधरवड्यात बसून बोलायला त्यांच्याकडे वेळ असतो, दसऱ्याला नसतो.

"मग थांबू का?"

"तुझी रक्कम जमली आहे, सहा महिन्यांची बेगमी आहे, सात-आठ वर्षं पुणं सोडायचं नाही म्हणतोस. तुला बाजारासाठी थांबायचं कारण नाही. या प्रकल्पासाठी थांब. तारीख का लांबली, ते लेखी माग. उत्तर पटलं तर श्रावणात परत बस."

संध्याकाळी ७.१५

कोथरूडला एका निवृत्त मुख्याध्यापकांकडे. सर मला स्वतः दारापर्यंत घ्यायला येतात. मुलाला घर घ्यायचं आहे, आणि सरांनी आयुष्यभराच्या ठेवी, २८ लाख, त्याच्या पहिल्या भरण्यासाठी मोडायचं मनाशी ठरवलं आहे. "दर उतरलेत. हीच वेळ आहे म्हणतो तो."

मी हळूच सांगते, "सर, दर उतरला म्हणजे तुमच्या ठेवीचाही उतरणार. पुढच्या महिन्यात तुमची पावती नव्यानं होईल तेव्हा व्याज कमी येईल." मुलाच्या हप्त्यातून वाचणारा पैसा बापाच्या ठेवीच्या व्याजातून जातो, ही या निर्णयाची दुसरी बाजू आहे. पेन्शन आहे, पण काकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे.

सर चष्मा पुसतात. "मुलाला नाही म्हणायचं?"

"नाही म्हणू नका. आकडा सांगा. आठ लाख द्या, ते दिले असं समजून विसरा. वीस लाख तुमच्या आणि काकूंच्या नावानं राहू द्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज ८.२ टक्के मिळतात आणि घेतलेला दर पाच वर्षं तोच राहतो. मुलाचं घर आठ लाखांनी लहान झालं तर चालेल. तुमचं म्हातारपण लहान करता येणार नाही."

काकू आतून येतात, माझ्या हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवतात आणि सरांकडे न बघता म्हणतात, "मी हेच म्हणत होते."

रात्री ९.५०

घरी. सासूबाई लवकर झोपल्यात, उद्या पारणं करतील. मी वही उघडते.

एप्रिलपासून रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारी मूल्याचे, दर वाढलेत, दोन वर्षं तेच राहिल्यावर. पुणे महापालिकेत सरासरी ४.१६ टक्के, पिंपरी-चिंचवडमध्ये ६.६९. ते रावेतच्या हिशेबात धरायचे राहिले होते. करारातली किंमत आणि सरकारी मूल्य यांत जे जास्त, त्यावर मुद्रांक लागतो. उद्या तपासायचं. आजच्या पतधोरणाची बातमी पेपरात येईल, रविवारी मोठ्या जाहिराती येतील, फाइलमध्ये आणखी दोन कात्रणं लागतील.

सिस्टरच्या ओळीवर मी बरोबरची खूण करते. शेजारी लिहिते: पोचली.

तेवढ्यात फोनवर निरोप येतो, वाकडच्या तिचा. एक फोटो आहे, बँकेच्या ॲपवर उघडलेल्या नव्या खात्याचा. शिल्लक ५०,०००. खाली लिहिलंय: "जुलैची वाट नाही बघितली. तो अजून रागावलाय, पण पैसे त्यानंच भरले."

मी वहीत त्यांची ओळ लिहिते. रक्कम: २१,५०,०००. तारीख: १९ मार्च २०२६, पाडवा.